घरातला खून, निर्दोष मुक्तता आणि त्यानंतरचे अपील

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात एक विवाहित तरुणी सासरी मरण पावली. साप चावला, असे सासरकडून सांगण्यात आले. शवविच्छेदनात सर्पदंशाची खूण मिळाली नाही. गळा दाबला गेल्याने गुदमरून मृत्यू झाल्याचे निष्पन्न झाले. सत्र न्यायालयाने पतीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. राज्य सरकार अपिलात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल फिरवून जन्मठेप सुनावली आणि २००६ मध्ये ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. साक्षी त्याच, पंचनामे तेच, वैद्यकीय अहवालही तोच. तरीही एका न्यायालयाला जो संशय रास्त वाटला, तो वरच्या दोन न्यायालयांना तसा वाटला नाही.

कुटुंबातल्या माणसाचा खून कुटुंबातल्याच कुणी केल्याचा आरोप, खटल्याअंती सुटका आणि त्या सुटकेविरुद्ध अपील, अशा प्रकरणांचा हा आढावा आहे. अपिलाचे नियम दरोड्यातल्या खुनाला आणि माजघरातल्या खुनाला सारखेच लागतात. मात्र हे नियम ज्या गृहीतकांवर उभे आहेत, ती उंबरठ्याच्या आत कितपत टिकतात, यावर न्यायालयांत आणि अभ्यासकांत अजून एकमत नाही.

अपिलाची वाट कशी उघडली

इंग्लंडात ज्युरीने आरोपीला एकदा दोषमुक्त ठरवले की त्या निकालावर सरकारला अपील करता येत नाही, ही जुनी परंपरा. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टने काही गंभीर गुन्ह्यांत, नवा आणि सबळ पुरावा समोर आला तरच, फेरखटल्याची तरतूद केली. अमेरिकेत राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीमुळे ही वाट बंदच आहे. कॅनडात कायद्याच्या मुद्द्यावर सरकार अपील करू शकते. पण १९७४ मध्ये गर्भपाताच्या खटल्यात डॉ. मॉर्गेन्टेलर यांची ज्युरीने केलेली मुक्तता क्वेबेकच्या अपील न्यायालयाने थेट दोषसिद्धीत बदलली, तेव्हा एवढे वादळ उठले की तिथल्या संसदेने कायदा बदलला. आता अपील न्यायालयाला ज्युरीचा निर्णय रद्द करून फार तर नवा खटला चालवायला सांगता येते.

भारताची वाट वेगळी आहे आणि ती वसाहतकाळातच वेगळी झाली. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मुक्ततेविरुद्ध अपिलाला मनाई होती. १८७२ च्या संहितेने तो अधिकार सरकारला दिला आणि नंतरच्या प्रत्येक संहितेने तो राखला. स्वातंत्र्यानंतर घटनेनेही ही वाट अडवली नाही. अनुच्छेद २०(२) एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला आणि शिक्षा यांना मनाई करतो; अपील हा मात्र पहिल्याच खटल्याचा पुढचा टप्पा मानला जातो. धोक्याची जाणीव घटनाकारांना होती, हे अनुच्छेद १३४ वरून दिसते. उच्च न्यायालयाने मुक्तता फिरवून फाशी दिली तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. १९७० च्या कायद्याने हा हक्क जन्मठेप आणि दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेपर्यंत वाढवला.

नानावटी खटल्याचा दाखला या चर्चेत मराठी माणूस हमखास देतो, म्हणून एक खुलासा करतो. १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना दोषमुक्त ठरवले, पण सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे संदर्भासाठी पाठवले. उच्च न्यायालयाची जन्मठेप त्या संदर्भातून आली. ते मुक्ततेविरुद्धचे अपील नव्हते.

१९७३ च्या संहितेतील कलम ३७८ ने एक चाळण बसवली: राज्याचे अपील उच्च न्यायालयाने परवानगी दिल्याशिवाय दाखल होणार नाही. परवानगीच्या टप्प्यावर काय पाहायचे, हे महाराष्ट्रातूनच गेलेल्या ‘सुजय पोयरेकर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. मुक्तता शेवटी फिरेल का, हा त्या वेळचा प्रश्न नव्हे; विचार करण्याजोगे मुद्दे प्रथमदर्शनी आहेत का, एवढेच पाहायचे. परवानगी नाकारायची तर कारणे द्यावी लागतील, हे २००४ च्या ‘सोहनलाल’ निकालाने आधीच ठरवले होते. एका ओळीत अर्ज फेटाळण्याची सवय त्यामुळे निदान कागदोपत्री तरी बंद झाली.

या सगळ्यात मृताच्या माणसांना जागा नव्हती. खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा, तेव्हा अपील करायचे की नाही हे राज्य ठरवणार. सरकारी वकिलाचे मत आणि विधी व न्याय विभागाची मंजुरी या दोन पायऱ्यांत प्रकरण थांबले की नातेवाइकांकडे फेरतपासणी अर्जाशिवाय काही उरत नसे, आणि त्या अर्जावर उच्च न्यायालयाला मुक्ततेचे रूपांतर दोषसिद्धीत करता येत नाही. एक अरुंद फट घटनेच्या अनुच्छेद १३६ मधून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीतून, होती. ‘अरुणाचलम विरुद्ध साधनंथम’ या १९७९ च्या प्रकरणात मृताचा भाऊ त्या फटीतून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि उच्च न्यायालयाने दिलेली मुक्तता रद्द झाली. खासगी माणसाला असे अपील करू देणे घटनाबाह्य आहे, हा आरोपीचा आक्षेप पुढच्या वर्षी घटनापीठाने फेटाळला.

२००३ च्या मलिमथ समितीने बळी पडलेल्यांना अपिलाचा हक्क द्यावा, अशी शिफारस केली. २००६ साल याच चर्चेने गाजले. दिल्लीतील जेसिका लाल आणि प्रियदर्शिनी मट्टू या दोन्ही प्रकरणांत आधी मुक्तता झाली होती. दोन्ही त्या वर्षी उच्च न्यायालयात फिरल्या. अखेर ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३७२ ला जोडलेले परंतुक अमलात आले आणि पीडिताला मुक्ततेविरुद्ध स्वतःचे अपील मिळाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हाच साचा उचलला आहे: पीडिताचे अपील कलम ४१३ मध्ये, राज्याचे ४१९ मध्ये.

वरच्या न्यायालयाने किती खोल पाहायचे

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर १९३४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ‘शिवस्वरूप’ प्रकरणात दिले. त्याआधी काही उच्च न्यायालये म्हणत, की निकाल उघड विपरीत असेल तरच हात घालावा. प्रिव्ही कौन्सिलने ती मर्यादा नाकारली. सगळा पुरावा नव्याने तपासण्याचा पूर्ण अधिकार उच्च न्यायालयाला आहे, पण तो वापरताना चार गोष्टींना वजन दिलेच पाहिजे: साक्षीदारांच्या विश्वासार्हतेबद्दल खालच्या न्यायाधीशाचे मत, मुक्ततेनंतरही कमी न होणारे निर्दोषत्वाचे गृहीतक, संशयाच्या फायद्यावरचा आरोपीचा हक्क आणि साक्षीदार प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या निष्कर्षाला चटकन धक्का न लावण्याचा संयम.

पुढची दशके या चौकटीचे शब्द घट्ट-सैल करण्यात गेली. १९५२ च्या ‘सूरजपाल सिंह’ निकालाने ‘भरीव आणि भाग पाडणारी कारणे’ हा शब्दप्रयोग आणला, आणि मुक्तता फिरवायला काहीतरी जास्तीचे लागते, अशी समजूत पसरली. १९६१ मध्ये ‘संवत सिंह’ निकालात न्या. सुब्बा राव यांनी ती दूर केली. पाठोपाठ ‘एम. जी. अग्रवाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ मध्ये न्या. गजेंद्रगडकर यांनीही तेच सांगितले: अधिकार दोन्ही अपिलांत सारखाच, सावधगिरी अधिक. १९७३ मध्ये ‘शिवाजी साहेबराव बोबडे’ या महाराष्ट्रातल्याच खून खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी काटा दुसऱ्या बाजूला ढकलला. प्रत्येक फुटकळ शंकेला रास्त संशयाचा मान देत गेलो तर न्यायव्यवस्थेवरचा समाजाचा विश्वास उडेल, आणि अपराधी सुटणे हाही न्यायाचा पराभवच आहे, असा त्यांचा रोख होता.

१९९६ चा ‘रमेश बाबूलाल डोशी’ निकाल पुन्हा संयमाकडे झुकला. २००७ च्या ‘चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य’ मध्ये न्या. ठक्कर यांनी सगळी सूत्रे एकत्र मांडली. ‘भरीव कारणे’, ‘उघड चूक’ हे शब्द अधिकार कमी करत नाहीत, ती भाषेची वळणे आहेत; मात्र मुक्ततेमुळे निर्दोषत्वाचे गृहीतक दुहेरी होते, आणि पुराव्यावरून दोन रास्त निष्कर्ष निघत असतील तर खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष हलवू नये. २०२३ च्या ‘एच. डी. सुंदरा’ निकालात न्या. ओक यांनी कसोटी आणखी नेमकी केली: आरोपी दोषी आहे एवढाच एक निष्कर्ष शक्य असेल, तरच मुक्तता फिरवता येईल.

ही सारी परंपरा सलग वाचली की वाटते, शब्द कितीही बदलले तरी गाभा १९३४ चाच आहे. खरी ओढाताण ‘दोन रास्त निष्कर्ष’ कशाला म्हणायचे, यावर होते. आणि घरातल्या खुनाच्या प्रकरणात ती सर्वांत तीव्र होते.

घर हेच घटनास्थळ

बाजारात, शेताच्या बांधावर, रस्त्यावर खून झाला तर परके साक्षीदार असण्याची शक्यता असते. घरात बहुधा रात्री, बंद दारामागे घडते, आणि पाहणारे असलेच तर ते आरोपीचे आई-बाप, भाऊ-भावजय किंवा मुले. पोलिसांपुढे बोललेले नातलग साक्षीच्या पिंजऱ्यात फितूर होतात. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच पुसली जात नाही, विश्वासार्ह भाग वापरता येतो, हे १९७६ च्या ‘भगवान सिंह’ निकालापासून स्थिर आहे. पण व्यवहारात सरकार पक्षाचा कणा तिथेच मोडतो. उरतो तो परिस्थितिजन्य पुरावा: शवविच्छेदन, शेवटचे एकत्र दिसणे, दार कुठून बंद होते, घटनेनंतर कोण कसे वागले.

अशा पुराव्याची कसोटी पुण्याच्या एका प्रकरणातून आली. ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ मध्ये पत्नीच्या खुनासाठी झालेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आरोपीला सोडले आणि पाच तत्त्वे घालून दिली, ज्यांना वकीलवर्ग आजही पंचशील म्हणतो. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, साखळी अखंड हवी, आणि ती आरोपीच्या अपराधाखेरीज दुसऱ्या शक्यतेला जागा ठेवणारी नसावी. आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी त्या खोटेपणाने तुटलेली साखळी सांधता येत नाही. आधीच पूर्ण असलेल्या साखळीला तो फार तर एक जास्तीची कडी होतो.

दुसऱ्या बाजूला पुरावा कायद्याचे जुने कलम १०६ आहे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९. एखादी गोष्ट विशेषकरून ज्याला ठाऊक, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. १९५६ च्या ‘शंभूनाथ मेहरा’ निकालाने बजावले होते, की या कलमाने सरकार पक्षाचे मूळ ओझे आरोपीच्या खांद्यावर जात नाही. ‘किरकन’ निकालाने त्याच कलमाला घराच्या संदर्भात धार दिली. घराच्या एकांतात गुन्हा घडला असेल तर सरकार पक्षाकडून अशक्यप्राय पुरावा मागू नये. घरातल्या माणसाने काहीतरी पटण्याजोगा खुलासा दिलाच पाहिजे, आणि तो दिला नाही किंवा खोटा दिला, तर ती साखळीतली आणखी एक कडी ठरते. त्याच वर्षी ‘राजस्थान राज्य विरुद्ध काशीराम’ मध्ये पत्नी आणि दोन मुली बंद घरात मृत सापडल्या होत्या आणि पती बेपत्ता होता. उच्च न्यायालयाने दिलेली मुक्तता सर्वोच्च न्यायालयाने याच विचाराने रद्द केली.

पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, ‘शिवाजी चिंतप्पा पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात पतीने पत्नीचा गळा आवळला की तिने गळफास घेतला, हा प्रश्न होता. दोन्ही न्यायालयांनी पतीला दोषी धरले होते. न्या. गवई यांच्या निकालाने त्याला सोडले: मृत्यू खुनाचाच आहे, हे सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्याखेरीज कलम १०६ ची पाळी येत नाही.

हे निकाल एकमेकांना छेद देतात, असे काहींना वाटते. मला ते पूर्ण पटत नाही. मृत्यू खुनाचा होता आणि त्या वेळी आरोपी घरात होता, या दोन गोष्टी आधी पक्क्या ठरल्या पाहिजेत, यावर सगळ्यांचे एकमत आहे. मतभेद त्यानंतर सुरू होतो: त्या ठरल्यावर आरोपीच्या मौनाला वजन किती? एकत्र कुटुंबात तर त्याआधीच अडखळायला होते. एका छताखाली सहा माणसे झोपली असतील तर खुलासा कुणी द्यायचा? सर्वांचे मौन म्हणजे सर्वांचा अपराध, असे कुणी म्हणत नाही. मग कुणाचा, हे मौनातून कसे ठरवायचे?

मुक्ततेविरुद्धच्या अपिलात हा पेच दुप्पट होतो. तिथे आरोपीच्या बाजूने दुहेरी गृहीतक आहे आणि सरकारच्या बाजूने घराच्या एकांताचा युक्तिवाद आहे. पतीने दिलेला खोटा खुलासा ‘दुसरा रास्त निष्कर्ष’ नाहीसा करतो का, की तो तसाच उभा राहतो? ‘किरकन’च्या वाटेने गेले तर पहिले उत्तर मिळते, ‘सारडा’ आणि ‘सुंदरा’ एकत्र वाचले तर दुसरे. माझ्या मते वरच्या न्यायालयाने या दोन पायऱ्या निकालपत्रात वेगवेगळ्या लिहिल्या, म्हणजे आधी स्वतंत्र पुराव्याने काय ठरले आणि मगच मौनाने त्यात काय भर घातली, तर निम्मा गोंधळ मिटेल. अनेक निकालांत त्या एकाच परिच्छेदात मिसळलेल्या दिसतात.

जळिताच्या प्रकरणांत मौनाची जागा मृत्युपूर्व जबाब घेतो. जबाब देताना जखमी शुद्धीत होती, असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र नसल्यामुळे अनेक आरोपी सुटत. ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ मध्ये २००२ साली घटनापीठाने सांगितले, की प्रमाणपत्र ही सावधगिरीची बाब आहे; जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली असेल तर त्याच्या अभावाने जबाब बाद होत नाही. त्याआधी १९८५ मध्ये दिल्लीतल्या ‘लक्ष्मणकुमार’ प्रकरणात, जिथे गरोदर सुनेला जाळल्याबद्दल सत्र न्यायालयाने तिघांना फाशी दिली होती आणि उच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले होते, सर्वोच्च न्यायालयाने पती व सासूची मुक्तता रद्द करून जन्मठेप दिली आणि दिराची मुक्तता कायम ठेवली. एकाच घरातल्या तीन आरोपींचा पुरावा वेगवेगळा तोलता येतो, हे त्या निकालाने दाखवले.

मतप्रवाह

संयमाच्या बाजूचे लोक खटल्याच्या मूळ विषमतेकडे बोट दाखवतात. तपासयंत्रणा, प्रयोगशाळा, सरकारी वकील हे सारे राज्याकडे. तरी खटल्यात सिद्ध झाले नाही, तर दुसऱ्या फेरीत त्याच कागदांवर माणसाला जन्मठेप देणे धोक्याचे आहे. दुसऱ्या न्यायाधीशाला वेगळे वाटले याचा अर्थ पहिल्याचा संशय खोटा होता असा होत नाही. प्रशिक्षित न्यायाधीशाला आलेला संशय हाच रास्त संशयाचा पुरावा नव्हे काय, असा त्यांचा सवाल आहे. घरातल्या प्रकरणांत सामाजिक दडपण दोन्हीकडून येते, माहेरचे लोक दुःखाच्या भरात सासरच्या प्रत्येकाचे नाव घालतात, हेही ते नोंदवतात. ‘लक्ष्मणकुमार’मध्ये सुटलेला दीर हे त्यांच्या म्हणण्याला बळ देणारे उदाहरण आहे.

पूर्ण फेरतपासणीच्या बाजूचे म्हणणे असे, की हे संयमाचे तत्त्व प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांच्या खटल्यांतून आले. साक्षीदाराचा चेहरा, अडखळणे, नजर ही खालच्या न्यायाधीशाची जमेची बाजू. घरातल्या खुनात निर्णय बहुधा हायऑइड हाडाच्या अस्थिभंगावर, गळ्यावरच्या व्रणाच्या दिशेवर, वेळेच्या हिशेबावर होतो. ते कागद वरच्या न्यायालयालाही तितकेच स्वच्छ दिसतात. मग तिथे नमते कशासाठी घ्यायचे? या युक्तिवादात मला तथ्य वाटते, पण तो टोकाला नेता येत नाही. डॉक्टरची उलटतपासणीसुद्धा कुणीतरी समोर बसून ऐकलेली असते.

तिसरा प्रवाह म्हणतो, की वाद चुकीच्या टोकाला चालला आहे. २०१४ च्या ‘किशनभाई’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुक्ततेची कारणे तपासून तपासातल्या वा खटला चालवण्यातल्या चुकांची जबाबदारी ठरवणारी यंत्रणा उभारायला राज्यांना सांगितले. पंचनामा उशिरा, मुद्देमाल सीलबंद नाही, शेजाऱ्यांचे जबाबच घेतले नाहीत, अशा फटी अपिलात बुजवता येत नाहीत. नव्या संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण यांच्या तरतुदी आहेत. त्या खरोखर अमलात आल्या तर घरातल्या खुनात त्यांचा उपयोग सर्वाधिक, कारण तिथे घटनास्थळ आरोपीच्याच ताब्यात असते आणि चुलीपुढची जमीन सारवायला वेळ लागत नाही.

पीडित कोण, वारस कोण

२००९ च्या परंतुकाने पीडिताला हक्क दिला, पण परवानगी लागेल का हे लिहिले नाही. मुंबई उच्च न्यायालयात ‘बाळासाहेब रंगनाथ खाडे’ प्रकरणात दोन न्यायाधीशांचे मतभेद झाले आणि २०१२ मध्ये तिसऱ्या न्यायाधीशांनी परवानगी लागत नाही, असा कौल दिला. २०१५ च्या ‘सत्यपाल सिंह’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितले. शेवटी १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘मल्लिकार्जुन कोडगली’ निकालात न्या. लोकूर यांच्या बहुमताने परवानगीची अट काढून टाकली. न्या. दीपक गुप्ता यांचे मत वेगळे होते: राज्याला जी चाळण लागते ती खासगी माणसाला का नको? नोएडाच्या २००८ च्या दुहेरी हत्येच्या प्रकरणात, जिथे मुलीचे आई-वडीलच आरोपी होते, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने मुक्तता दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाकडे सीबीआयही गेली आणि ठार झालेल्या घरगड्याची पत्नीही. तिथला मार्ग परंतुकाचा नव्हता, पण राज्य आणि मृताची माणसे स्वतंत्रपणे दाद मागू शकतात, याचे ते ठळक चित्र आहे.

घरातल्या खुनात खरी गुंतागुंत व्याख्येत आहे. पीडित म्हणजे नुकसान सोसणारी व्यक्ती, आणि तिच्यात पालक किंवा कायदेशीर वारस यांचा समावेश. आता हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १५ पाहा. विवाहित हिंदू स्त्रीचे पहिले वारस मुले आणि पती, त्यानंतर पतीचे वारस, आणि त्यानंतर कुठे आई-वडील. खून करणारा वारसा गमावतो, हे कलम २५ सांगते. पण तो सुटलेला असेल तर ते लागू कसे करायचे? मुले अज्ञान असतात आणि बऱ्याचदा त्याच घरात, त्याच आजी-आजोबांकडे वाढत असतात. ज्या बापाने लेकीचे प्रेत उचलले, तो वारसाच्या क्रमात मागे उभा. ‘सत्यपाल सिंह’ हे प्रकरण मृत विवाहितेच्या वडिलांचेच होते; परवानगीच्या मुद्द्यावर तो निकाल आज टिकत नसला, तरी बाप हा पीडित आहे, हे त्यात मान्य झाले. भावाचे, विवाहित बहिणीचे, मावशीकडे वाढलेल्या मुलीच्या मावशीचे काय, याची उत्तरे उच्च न्यायालयांनी एकसारखी दिलेली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘खेम सिंह’ निकालाने एक पाऊल पुढे टाकले: अपील चालू असताना पीडित मरण पावला तर त्याचे वारस ते पुढे चालवू शकतात.

मुदतीचाही घोळ आहे. राज्याच्या अपिलाला मुदत कायद्याने नव्वद दिवस दिले आहेत. पीडिताच्या अपिलासाठी स्पष्ट नोंदच नाही, आणि नवी संहिता आणताना ही उणीव भरून काढता आली असती. गावाकडच्या बापाला निकालाची प्रत मिळायलाच महिने लागतात, हे ध्यानात घेतले तर हा मुद्दा तांत्रिक राहत नाही.

काळ, आणि अजून न सुटलेले

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंह’ या प्रकरणाचा निकाल दिला. घटना २००३ ची. पत्नीला मारून प्रेत घाईने दहन केल्याचा आरोप आणि पाहणारी एकच, सात वर्षांची मुलगी. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सोडले; मुलीचा जबाब अठरा दिवस उशिरा नोंदवला आणि ती पढवलेली असू शकते, हे मुख्य कारण. सर्वोच्च न्यायालयाने बालसाक्षीदाराच्या साक्षीचे निकष तपशीलवार मांडून तिच्यावर विश्वास ठेवला, कलम १०६ चा आधार घेतला आणि आरोपीला शरण यायला सांगितले. घटना आणि निकाल यांत जवळपास बावीस वर्षे.

या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एका मुलीची साक्ष अखेर ऐकली गेली. त्याच वेळी पंधरा वर्षे कायद्याने निर्दोष म्हणून जगलेल्या माणसाला तुरुंगात परत जावे लागले. संहितेत यासाठी तरतुदी आहेत: सुटताना वरच्या न्यायालयात हजर राहण्याचा सहा महिन्यांचा जातमुचलका, अपील दाखल झाल्यावर अटकेचे वा जामिनाचे आदेश. मात्र अपील किती काळात संपावे, याला बंधन नाही. नोटीस बजावली जात नाही, पत्ता बदललेला असतो, आरोपीतर्फे कुणी उभे राहत नाही आणि न्यायमित्र नेमावा लागतो. एवढ्या विलंबानंतर मुक्तता फिरवताना शिक्षेच्या प्रमाणात तो विलंब धरायचा का? खुनाला किमान शिक्षाच जन्मठेप असल्याने न्यायालयाच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि या मुद्द्यावर सविस्तर विवेचन करणारे निकाल विरळ आहेत.

फेरखटल्याचा पर्यायही कुटुंबातल्या प्रकरणांत क्वचित वापरला जातो. २००४ मध्ये बेस्ट बेकरी प्रकरणात मुक्तता रद्द करून खटला गुजरातबाहेर, मुंबईत नव्याने चालवला गेला, कारण साक्षीदार दबावाखाली फिरले होते. घरातल्या साक्षीदारावरचा दबाव त्याहून कमी असतो असे म्हणता येणार नाही. पण तो उंबरठ्याच्या आतला असल्याने नोंदीत येत नाही, आणि नोंदीत नसलेल्या दबावावर फेरखटला कसा मागायचा, हे अजून कुणी सांगितलेले नाही.

साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवण्याची मुभा मात्र एका जुन्या वादाला नवे वळण देऊ शकते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आज पेपरबुकातली टंकलिखित साक्ष वाचतात. उद्या तीच साक्ष ते पडद्यावर पाहू लागले, तर १९३४ पासून चालत आलेला चौथा निकष, साक्षीदार पाहिलेल्या न्यायाधीशाचा अग्रक्रम, आहे तसा राहील का? ज्या जिल्हा न्यायालयांत अजून ध्वनिमुद्रणाची सोयसुद्धा नाही, तिथले निकाल आणि सोय असलेल्या न्यायालयांतले निकाल अपिलात वेगवेगळ्या मापाने मोजले जाण्याचा धोकाही त्यात आहे. उच्च न्यायालयांनी यासाठी नियम करायला हवेत, आणि ते दुहेरी गृहीतकाला धक्का न लावता कसे करायचे, यावर चर्चा जेमतेम सुरू झाली आहे.